वारसा जपायचाय ना, मग किल्ली गावाकडे द्या

जुनी वास्तू वाचली की गावाची ओळख आपोआप वाचते, हे वाक्य हेरिटेजच्या प्रत्येक कार्यक्रमात कोणीतरी म्हणतंच आणि मला ते निम्मंसुद्धा पटत नाही. बोस्नियातलं मोस्तार बघा. तिथला नदीवरचा दगडी कमानीचा पूल ऑटोमन म्हणजे तुर्की राजवटीतला, 1566 चा. नोव्हेंबर 1993 मध्ये युद्धात तोफगोळे मारून तो पाडला. मग युद्ध संपलं, बाहेरून पैसा आला, एक्स्पर्ट आले, स्थानिक दगड वापरून जुन्याच पद्धतीने बांधणी झाली, 2004 मध्ये पूल परत उभा राहिला आणि 2005 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीतही गेला. काम उत्तमच झालं, त्यात वाद नाही. पण शहर? क्रोएट आणि बोस्नियाक, म्हणजे त्या युद्धात एकमेकांविरुद्ध उभ्या राहिलेल्या दोन समाजांची मुलं पुढेही वर्षानुवर्षं वेगवेगळा अभ्यासक्रम शिकत राहिली, त्या देशात तर एकाच इमारतीत दोन शाळा भरवायची पद्धत पडली. पूल जोडला गेला, त्याच्या दोन्ही टोकांची माणसं जोडली गेली असं काही छातीठोकपणे म्हणता येत नाही.

याचा अर्थ पूल बांधायला नको होता असा अजिबात नाही. माझं म्हणणं एवढंच की ओळख दगडात साठवलेली नसते. ती तयार होते त्या दगडाचं काहीतरी करताना, म्हणजे तो धुताना, लिंपताना, त्याच्यावरून भांडताना, कोणाच्या पाळीची साफसफाई राहिली यावर चिडताना. त्यामुळे एखाद्या ठिकाणचं जतन यशस्वी झालं का हे विचारताना मी वास्तू किती चकाचक दिसते ते बघणार नाही, किल्ली कोणाकडे आहे आणि निर्णय कोण घेतं ते बघीन. कम्युनिटीने पुढे राहून केलेलं जतन आणि कम्युनिटीला फोटोपुरतं उभं केलेलं जतन, यात फरक नेमका इथेच पडतो.

मालीमधलं जेन्ने हे याचं सगळ्यात बोलकं उदाहरण, आणि गंमत म्हणजे ते दोन्ही बाजूंनी बोलतं. तिथली मोठी मशीद संपूर्ण मातीची आहे, आत्ताची इमारत 1907 ची. माती म्हटलं की पावसाळा आला, भेगा आल्या, धूप आली. म्हणून दरवर्षी पावसाआधी सगळं गाव मिळून तिला नव्याने लिंपतं. आधी खड्ड्यांमध्ये माती आणि भाताचा कोंडा कालवून बरेच दिवस भिजत, कुजत ठेवतात, पोरं त्यात उतरून नाचून नाचून ती मळतात. मग लिंपण्याच्या दिवशी टोपल्या भरभरून माती मशिदीपर्यंत कोण आधी पोचवतं याची वस्त्यावस्त्यांमध्ये शर्यत लागते, बायका-मुली पाणी वाहतात, आणि भिंतीतून बाहेर आलेल्या ताडाच्या वाशांवर पाय देऊन गवंडी वर चढतात. ते वाशे लांबून नक्षीसारखे दिसतात, पण खरं तर ती भिंतीतच कायमची बांधून ठेवलेली परांची आहे! म्हणजे ही इमारत बांधणाऱ्याने तेव्हाच गृहीत धरलं होतं की दरवर्षी कोणीतरी वर चढणार आहे. अनुभवी म्हातारे गवंडी खाली बसून लक्ष ठेवतात, चुकलं की ओरडतात. लहान पोराला पहिल्यांदा टोपली उचलायला मिळते तेव्हा तो गावाचा झाला, हे त्याला कोणी वेगळं सांगायला लागत नाही.

आता दुसरी बाजू. 1988 मध्ये जेन्ने युनेस्कोच्या यादीत गेलं. 2006 मध्ये मशिदीचं छत तपासायला एक टीम वर चढली आणि आपल्याला न विचारता मशिदीला हात लावतायत असं वाटून गाव भडकलं, दंगल झाली. टीमचा हेतू वाईट नव्हता, पुढे जे दुरुस्तीचं काम झालं त्यात वर्षानुवर्षं चढलेले मातीचे जाड थर काढून इमारतीवरचं ओझं कमी केलं, आणि तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरही होतं. पण विचारायचं असतं ना आधी. शिवाय गावातल्या साध्या घरांचं काय? तिथल्या लोकांची जुनी तक्रार आहे की घराला फरशी बसवायची, खोली मोठी करायची, दार बदलायचं म्हटलं की हेरिटेजचे नियम आडवे येतात. ज्यांना बाहेरून येऊन दोन तास बघायचंय त्यांना मातीचं घर रोमँटिक वाटतं, दरवर्षी ज्याला ते लिंपायला लागतं त्याला विचारा. आणि तो फरशी मागतो म्हणून त्याला स्वतःच्या संस्कृतीची किंमत नाही असं म्हणणं, हा मला तर शुद्ध उद्धटपणा वाटतो.

जपानमधल्या त्सुमागोने हा प्रश्न वेगळ्या पद्धतीने सोडवला. जुन्या काळी डोंगरातून जाणाऱ्या हमरस्त्यावरचं ते मुक्कामाचं गाव, रेल्वे दुसरीकडून गेली आणि गावाची रयाच गेली, माणसं कामधंद्यासाठी बाहेर पडायला लागली. 1960 च्या दशकाच्या शेवटी गावकऱ्यांनीच जुनी लाकडी घरं जपायचं मनावर घेतलं आणि 1971 मध्ये मिळून एक सनद केली, तीन कलमांची: विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. विजेचे खांब मुख्य रस्त्यावरून हटवले, दिवसा तिथे गाड्या बंद केल्या. सरकारी कायद्याखाली संरक्षित वस्ती म्हणून दर्जा मिळाला तो नंतर, 1976 मध्ये. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी लोकांनी आपापसात ठरवलं, मग सरकारने त्यावर शिक्का मारला, उलटं झालं नाही.

या तीन कलमांमधलं मला सगळ्यात हुशारीचं वाटतं ते मधलं. पाडायचं नाही हे कोणीही म्हणेल, विकायचं नाही हेही समजू शकतं, पण भाड्याने द्यायचं नाही? कारण भाड्याने दिलं की बाहेरचा पैसेवाला येतो, खालच्या मजल्यावर दुकान टाकतो, घरमालक शहरात जाऊन राहतो आणि दर महिन्याला भाडं घेतो. घर उभं राहतं पण गावातला माणूस गेलेला असतो. अर्थात हे काही जादूचं औषध नाही, गाव म्हातारं व्हायचं थांबलेलं नाही, पोरं शहराकडे जातातच, आणि आपलं घर भाड्याने द्यायची मुभा नाही हे एखाद्या गरजू कुटुंबाला जाचकही वाटत असणार. पण हे बंधन त्यांनी स्वतःवर घालून घेतलंय, आणि स्वतः घालून घेतलेलं बंधन माणूस वेगळ्या पद्धतीने पाळतो.

आपल्याकडे नेमकं हेच उलट्या दिशेने होतं. आपला प्राचीन स्मारकांचा केंद्रीय कायदा 1958 चा, त्यात 2010 मध्ये दुरुस्ती झाली आणि केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी, त्यापुढे आणखी 200 मीटर परवानगीशिवाय काही करायचं नाही. कायद्यामागचा हेतू मला पूर्ण मान्य आहे, हा नियम नसता तर कित्येक देवळांना आणि मकबऱ्यांना खेटून टॉवर उभे राहिले असते. पण त्या 100 मीटरच्या आत पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या माणसाच्या बाजूने एकदा बघा. त्याच्यासाठी ते स्मारक म्हणजे एक अर्ज, एक फेरी, एक ‘साहेब मीटिंगला गेलेत’. ज्या वास्तूच्या अंगणात तो लहानपणी खेळला तिचाच त्याला राग यायला लागतो. ओळख मजबूत होण्याचं सोडाच, इथे वारसा म्हणजे शेजारी बसलेला पोलीस होऊन जातो.

हंपीत 2011 च्या जुलैमध्ये काय झालं ते आठवा. विरूपाक्ष मंदिरासमोरच्या जुन्या बाजाराच्या मंडपांमध्ये आणि त्यांच्या आजूबाजूला लोक राहत होते, दुकानं चालवत होते. प्रशासनाने अतिक्रमण म्हणून ते पाडलं, 300 च्या वर कुटुंबं हलवली. त्यातलं बरंचसं बांधकाम खरंच ओबडधोबड होतं, पुरातन खांबांमध्ये विटा भरून केलेलं, हे मान्यच. पण तो बाजार होता हो! बाजार म्हणून बांधलेली जागा शेकडो वर्षांनी परत बाजार म्हणून वापरात होती आणि आपण ती रिकामी करून तिला संरक्षण असं नाव दिलं. माणसं काढून टाकल्यावर जे उरतं ते स्वच्छ असतं, फोटोत छान येतं, पण ते गाव नसतं.

इथे लगेच एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. लोकांच्या हातात दिलं तर लोक चुका करतील. बरोबर, करतील. गडकोटांवर शनिवार-रविवारी जाऊन झाडंझुडपं काढणारे, पाण्याची टाकी उपसणारे किती ग्रुप आहेत, त्यांच्या घामाची मला कदर आहे. 2025 मध्ये मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यामागे लोकांनी वर्षानुवर्षं मनात धरलेलं प्रेमही आहेच. पण याच प्रेमातून कुठे तटबंदीला सिमेंट फासलं जातं, कुठे जुन्या दगडाला ऑइल पेंट लागतो. आणि सिमेंट हा प्रकार दिसतो तेवढा साधा नाही. दगडांच्या सांध्यात भरलेला चुना श्वास घेतो, भिंतीत मुरलेलं पाणी त्यातून वाफ होऊन बाहेर पडतं, शिवाय चुना दगडापेक्षा मऊ असल्यामुळे झिजायचं असेल तर आधी तो झिजतो आणि दगड वाचतो. सिमेंट पाणी आत कोंडतं. मग ते पाणी दगडातून वाट काढतं, बरोबर क्षार आणतं, दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात. आपण भिंत वाचवायला गेलो आणि सांधा शाबूत राहून दगडच झडला.

पण यावरून लोकांना लांब ठेवा असा निष्कर्ष काढणं मला मान्य नाही, कारण जुन्या भिंतींवर सिमेंट मारलेलं सरकारी कामातही भरपूर बघायला मिळतं, टेंडर काढून, बिलं पास करून मारलेलं. अज्ञान ही काही गावकऱ्यांची मक्तेदारी नाही. एक्स्पर्टचं काम हेच की चुना कसा भिजवायचा, किती दिवस ठेवायचा, कुठला सांधा उघडायचाच नाही हे गावातल्या गवंड्याला शिकवणं, आणि त्याच्याकडून काही शिकणंही. त्याने सल्ला द्यावा, धोका सांगावा, गरज पडली तर आरडाओरडा करावा. जे एकदा तोडलं की परत येणार नाही अशा गोष्टीपुरता नकाराचा अधिकार सरकारने स्वतःकडे ठेवावा. बाकी जागेचा वापर कशासाठी करायचा, उत्सव कुठे करायचा, दार कधी उघडायचं, आतल्या फलकावर काय लिहायचं, हे लोकांनी ठरवावं.

आणि मग लोकांनी आपल्याला न आवडणारं काहीतरी ठरवलं तर? तर ते सहन करायची तयारी ठेवा. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये हे झालंय. एल्बे नदीचं खोरं 2004 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलं, तिथे वाहतुकीसाठी एक पूल बांधायचा होता, 2005 मध्ये शहरात सार्वमत झालं आणि दोन तृतीयांशांहून जास्त मतं पुलाच्या बाजूने पडली. युनेस्कोने इशारे दिले, शहर ऐकेना, 2009 मध्ये यादीतून नाव काढलं गेलं, पूल 2013 मध्ये सुरू झाला. मला तो पूल आवडत नाही. पण बिल्ला मोठा की तिथे रोज राहणारी माणसं मोठी, असा प्रश्न आला तर मी माणसांच्या बाजूने उभा राहीन, आणि असंही म्हणीन की त्या निमित्ताने आपलं खोरं आपल्याला कसं हवंय यावर त्या शहरात जेवढा वाद झाला तेवढा यादीत नाव येण्याने कधीच झाला नसता.

आता माझ्याच बाजूतलं भोक दाखवतो. ‘लोक’, ‘गाव’, ‘कम्युनिटी’ असे शब्द वापरले की सगळे एकमताने हात वर करून बसलेत असं चित्र उभं राहतं. प्रत्यक्षात गाव म्हणजे मीटिंगमध्ये ज्याचा आवाज मोठा तो. आपल्याकडे बारवा, तळी, जुन्या विहिरी साफ करण्याचं चांगलं काम चालू आहे, पण ‘आपल्या पूर्वजांनी बांधलेलं पाणी’ असं म्हणताना महाडचं चवदार तळं विसरून चालणार नाही. ते तळं कागदावर सार्वजनिकच होतं, आणि तरी त्यातलं ओंजळभर पाणी प्यायला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना 1927 मध्ये हजारोंसह सत्याग्रह करायला लागला. तळ्याचा घाट, पायऱ्या, दगड जपले आणि ही गोष्ट गाळली तर आपण नेमकी कोणाची ओळख मजबूत केली? वाडा जपायचा तर वाड्याच्या मागच्या दाराने आत यायला लागणाऱ्यांची आठवणही त्यात यायला हवी, आणि ती कशी यावी हे त्यांच्या वारसांनी ठरवायला हवं, वाडेवाल्यांच्या समितीने मोठ्या मनाने एक कोपरा देऊन नाही.

अमेरिकेत लुइझियानात जुन्या मळ्यांचे आलिशान बंगले लग्नाचे हॉल म्हणून मिरवत होते, त्याच भागात 2014 मध्ये व्हिटनी नावाचा मळा गुलामांच्या बाजूने गोष्ट सांगणारं म्युझियम म्हणून उघडला. बंगला तसाच आहे, पण लोक आता वेगळ्या दाराने आत येतात म्हणा ना. आणि केपटाऊनच्या डिस्ट्रिक्ट सिक्समध्ये तर वाचवायला वास्तूच उरली नव्हती. 1966 मध्ये वर्णद्वेषी सरकारने ती वस्ती फक्त गोऱ्यांसाठी जाहीर केली, 60,000 हून जास्त माणसं हुसकावली, घरं बुलडोझरने सपाट केली. 1994 मध्ये तिथल्या एका जुन्या चर्चमध्ये म्युझियम सुरू झालं, त्याच्या जमिनीवर वस्तीचा भला मोठा नकाशा अंथरलाय आणि तिथून हाकललेली माणसं येऊन त्यावर स्वतःच्या हाताने लिहितात, आमचं घर इथे होतं, असं. सोबत जुन्या रस्त्यांच्या नावाच्या पाट्या. एकही घर न वाचवता केलेलं हे जतन मोस्तारच्या सुंदर पुलापेक्षा ओळखीचं काम जास्त करतं असं माझं मत आहे, कोणाला पटो न पटो.

टुरिझमबद्दल थोडक्यातच बोलतो कारण त्यावर सगळेच बोलतात. पर्यटक येतील, रोजगार येईल, हे खरं असतं एका मर्यादेपर्यंत. व्हेनिसच्या जुन्या शहरात 1951 मध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं राहत होती, 2022 मध्ये हा आकडा 50,000 च्या खाली गेला. सगळा दोष पर्यटकांवर ढकलता येणार नाही, पण एक एक घर राहण्यापेक्षा भाड्याने देणं परवडायला लागलं की काय होतं ते दिसतंय. याच्या उलट इटलीतच बोलोन्याने 1970 च्या दशकात जुन्या शहराच्या दुरुस्तीला सार्वजनिक घरबांधणीच्या योजनेत घातलं, म्हणजे जुनी घरं नीट करायची ती तिथे राहणाऱ्या कामगार कुटुंबांना तिथेच राहता यावं म्हणून. त्या योजनेतलं सगळं काही जमलं नाही, पण दर्शनी भिंतीबरोबर भाडेकरूही जपायचा असतो हा विचार त्यांनी पन्नास वर्षांपूर्वी केला होता, आणि आपल्याकडे अजून हेरिटेजच्या फाईलमध्ये भाडेकरूचा उल्लेख अडथळा म्हणून येतो.

शेवटचा मुद्दा पैशाचा, आणि इथे मला आपल्याच बाजूच्या लोकांशी भांडायचंय. लोकसहभाग हा शब्द आला की त्याच्या मागोमाग श्रमदान येतं, आणि श्रमदान आलं की सरकारचा खिसा बंद होतो. गावाने पुढाकार घेतलाय ना, मग गावच करेल, कशाला बजेट? मग कॉलेजची पोरं येतात, एक रविवार गाळ काढतात, स्टेटसला फोटो टाकतात, पुढच्या पावसात गाळ परत येतो. पुढाकार घेणं म्हणजे फुकट राबणं नाही. जीर्णोद्धाराला, उद्घाटनाला, लाइट-साउंड शोला पैसे निघतात, कारण तिथे कोनशिला बसते आणि कोनशिलेवर नाव येतं, पण दरवर्षी पावसाआधी छतावरची पिंपळाची रोपं काढायला, पन्हळी साफ करायला, दोन सांधे चुन्याने भरायला निघत नाहीत. खरं तर हा खर्च किरकोळ असतो, आणि तो वेळच्या वेळी केला तर मोठा जीर्णोद्धार करायची वेळच येत नाही. पिंपळाचं रोप वीतभर असताना एका माणसाचं अर्ध्या दिवसाचं काम असतं, त्याची मुळं भिंतीत उतरली की भिंत उतरवून घ्यायला लागते.

तेव्हा एखाद्या ग्रामसभेने किंवा वॉर्डातल्या मंडळाने जुनी वास्तू सांभाळायला घेतली तर सरकारकडे पहिली मागणी स्वागत कमानीची करू नये, दरवर्षी न चुकता येणाऱ्या देखभालीच्या रकमेची करावी, आणि ती रक्कम कशावर खर्च झाली याचा हिशोब गावाच्या फळ्यावर लावावा, कारण वाद होणार आणि व्हायलाच हवेत. त्या रकमेतून चुन्याचं काम जाणणाऱ्या गवंड्याला पूर्ण मजुरी द्यावी, त्याच्या हाताखाली गावातली दोन पोरं-पोरी ठेवावीत आणि त्यांनाही पगार द्यावा.